कॉन्टॅक्ट हलका

दुपारी साडेतीनला मी माझा दातांचा दवाखाना अर्ध्या तासासाठी बंद करत होते, तेवढ्यात एक तरुण जिना धावत चढून आला. खांद्याला लांबट कापडी पिशवी, एक हात उजव्या गालावर. आमच्या मदतनीस ताईंनी त्याला माझ्याआधी ओळखलं. “मॅडम, हा आपला बासरीवाला,” त्या म्हणाल्या. मी त्याला शेवटचं पाहिलं होतं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आईच्या मागे उभा राहून तोंड गच्च मिटून घेणारा. आता चोवीस वर्षांचा. मी “बसा” म्हटलं, तर तो कळवळून म्हणाला, “मॅडम, मला अरे-तुरेच करा. आधीच घाबरलोय.”

साडेपाचला त्याला माइकच्या चाचणीसाठी स्टेजवर पोचायचं होतं आणि सातला कार्यक्रम होता. एकट्याचा असा पहिलाच.

आठ दिवसांपूर्वी चावताना कट् असा आवाज झाला आणि खालच्या दाढेतून खड्यासारखं काहीतरी तोंडात आलं. दुखलं नाही, म्हणून कार्यक्रम होईपर्यंत थांबायचं त्यानं ठरवलं. जीभ मात्र दिवसभर तिथंच जायची. आज दुपारी रियाजात एका लांब सुरानंतर त्यानं तोंडानं झटकन श्वास ओढला आणि दाढेतून थेट कानापर्यंत सळक गेली. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं बासरी खाली ठेवली आणि निघाला तो थेट इकडे आला.

“वाजवताना दुखत नाही,” तो म्हणाला. “श्वास घेताना दुखतं. आणि श्वास तर घ्यावाच लागतो.”

हे वाक्य माझ्यासाठी निदानाचं अर्धं काम करून गेलं. दात दुखला म्हणजे कीड नसेपर्यंत पोचली आणि आता रूट कॅनालच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नेहमीच नसतं. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, जवळजवळ पूर्ण खनिजाचं असतं, वजनानं सुमारे ९६ टक्के. त्यात नस नाही, पेशी नाहीत, त्याला काहीच जाणवत नाही. त्याच्या खालचं डेंटिन मात्र आरपार सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं असतं आणि त्या नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. कवच फुटून या नळ्यांची तोंडं उघडी पडली की थंड हवा, वारा, गार पाणी, कशानंही तो द्रव हलतो, आणि आत नसेच्या टोकाशी असलेल्या तंतूंना ती हालचाल कळ म्हणून जाणवते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅन्स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. बासरीवादक दोन सुरांच्या मधल्या क्षणभरात तोंडानं जेवढी हवा आत घेतो, तेवढी आपण एरवी बोलताना घेत नाही. ती सगळी हवा त्याच्या उघड्या डेंटिनवरून जात होती.

मी त्याला खुर्चीत बसवलं, आरसा घातला, दिवा वळवला आणि थांबले.

उजवीकडची खालची पहिली दाढ. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, एकही दुधाचा दात न पाडता गुपचूप मागे उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. त्यामुळे सगळ्या पक्क्या दातांत लवकर किडणाऱ्यांत तिचा नंबर वरचा. त्याच्या त्या दाढेत दाताच्याच रंगाचं फिलिंग होतं. कॉम्पोझिट. पुढच्या दाताला लागून असलेली त्याची कडा तुटून पडली होती आणि त्या फटीत खाली, हिरडीच्या अगदी काठाशी, तपकिरी ओलसर खड्डा दिसत होता. ते फिलिंग माझं होतं. आपण कोरलेल्या दाढेवरच्या खाचा आपल्याला ओळखू येतात, स्वतःचं अक्षर ओळखावं तशा.

ताईंनी केसपेपर शोधून आणला. नऊ वर्षांपूर्वीचा, कडेला पिवळा पडलेला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: “४६, पुढची बाजू व वरचा पृष्ठभाग, कॉम्पोझिट. कॉन्टॅक्ट हलका. पुढच्या भेटीत पाहणे.”

४६ म्हणजे चौथ्या भागातला, उजवीकडे खाली, मधून मोजत गेलं की सहावा दात. आणि कॉन्टॅक्ट म्हणजे शेजारचे दोन दात जिथं एकमेकांना टेकतात तो बिंदू. निरोगी तोंडात तो इतका घट्ट असतो की फ्लॉसचा धागा त्यातून खाली उतरताना ‘टक्’ असा आवाज होतो. हा टक् हवा असतो. तो आला म्हणजे चावलेला घास त्या जागेतून खाली घुसत नाही, वरूनच निसटून बाजूला जातो. टक् न करता धागा सरळ खाली गेला तर तिथं फट आहे, आणि प्रत्येक घासागणिक त्या फटीत काही ना काही कोंबलं जाणार.

त्या दिवशी धागा सरळ खाली गेला होता. मला ते आठवतं. केसपेपर नसता तरी आठवलं असतं.

बाहेर गर्दी होती. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती, आई घड्याळाकडे बघत होती. मुलगा जिभेनं सारखं बँड, म्हणजे भरताना दाताभोवती लावायची पातळ पट्टी, ढकलत होता. रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, लावायचा प्रयत्न केला तर त्याला उबळ यायची, म्हणून मी तो काढून ठेवला आणि कापसाच्या गुंडाळ्यांवर भागवलं. कॉम्पोझिटमध्ये एक अडचण असते, ती दातांचं काम न करणाऱ्यांना सांगून पटत नाही: ते दाबून बसत नाही. पूर्वी चांदी भरायचे तेव्हा मिश्रण इतकं घट्ट असायचं की दट्ट्यानं ठासलं की ते स्वतःच बँडला बाहेर ढकलून शेजारच्या दाताला टेकवायचं. कॉम्पोझिट लोण्यासारखं दबतं आणि दाब काढला की होतं तिथंच राहतं. त्यामुळे दोन दातांमध्ये पाचर मारून, दात किंचित दूर सारून, बँडला योग्य फुगवटा देऊन मगच ते भरावं लागतं. पाचर मी मारली होती. पुरेशी घट्ट मारली नव्हती, कारण तो ओरडला. ते घट्ट करायला लाइट मारला, बँड काढला, फ्लॉस घातला. टक् नाही. अशा वेळी ते सगळं काढून पुन्हा भरायचं असतं. मी त्याऐवजी ती ओळ लिहिली.

पुढची भेट झालीच नाही. ते दुसऱ्या भागात राहायला गेले. मी फोन केला नाही.

“काय झालंय मॅडम?” त्यानं विचारलं. मी बराच वेळ गप्प होते बहुतेक.

मी खुर्ची सरळ केली. तोंडात हत्यारं असताना कोणाला काही महत्त्वाचं सांगू नये, हे माझं जुनं पथ्य आहे. सरळ बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात. मी त्याला केसपेपरवरची ओळ वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. म्हटलं, हे मी भरलं होतं, आणि ते नीट टेकलं नव्हतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तेव्हाच काढून परत करायला हवं होतं. फटीत अन्न अडकत राहिलं, कड कमकुवत झाली, तिच्याखालून कीड गेली आणि वरचा आधार गेल्यावर फिलिंग तुटलं.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी नीट ब्रश करत नव्हतो म्हणून नाही?”

“नाही. त्या जागेत ब्रशचे केस पोचतच नाहीत.”

“तिथं सारखं अडकायचं. आई म्हणायची, नीट घासत नाहीस म्हणून. मी दोन-दोनदा घासायचो.” तो खाली बघत होता. “मला वाटायचं माझेच दात वाईट आहेत.”

मी आरसा घेऊन त्याला त्याचं तोंड दाखवलं. बाकी कुठंही नवीन कीड नव्हती. हिरड्या गुलाबी, घट्ट. नऊ वर्षं तो त्या एका फटीशी झगडत होता आणि दोष स्वतःला देत होता. या कामात माझी पुष्कळ वर्षं गेली, पण कोणाच्या दाताचं मला इतकं वाईट वाटलेलं आठवत नाही.

आपली भाषाही यात भर घालते. दात ‘किडला’ म्हणतो आपण, ‘कीड लागली’ म्हणतो, जणू धान्यात किडा शिरावा तसा दातात कोणी तरी शिरला. दातात अळी असते हा समज जगात जवळजवळ सगळीकडे होता, हजारो वर्षं. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार यांनी आपल्या ग्रंथात त्याला हरकत घेतली. पुढे १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी खरं कारण मांडलं: तोंडातले जिवाणू साखर-पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा (आम्ल जास्त तितका तो कमी), साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लाळ तो पुन्हा वर आणते आणि गेलेल्या खनिजातलं काही परतही देते. जिथं लाळ आणि ब्रश पोचत नाही तिथं ही परतफेड होत नाही. दोन दातांमधली फट ही तशीच जागा. त्यात त्या मुलाचं चारित्र्य, आळस, दातांचा वाईटपणा वगैरे काही नव्हतं.

घड्याळात पावणेचार झाले होते.

मी एक्स-रे काढला. नसेच्या वर डेंटिनचा अगदी पातळ थर शिल्लक दिसत होता, आणि एक्स-रेमध्ये कीड असते त्यापेक्षा नेहमी लहान दिसते. मुळाच्या टोकाशी काळपट सावली नव्हती. आरशाच्या दांड्यानं दाढेवर टकटक केलं, दुखलं नाही. कापसावर थंड फवारा मारून दाढेला लावला तर तो दचकला, पण कापूस काढल्यावर पाच-सहा सेकंदांत कळ विरली. रात्री ठणक्यानं जाग आली होती का? नाही. गरमनं दुखतं का? नाही. आपोआप, काही न करता? नाही. या सगळ्या ‘नाही’चा अर्थ असा की नस चिडलेली आहे, पण मेलेली नाही, मरणपंथालाही लागलेली नाही. ती वाचवता येईल. चुकीच्या हातानं ती आज मारताही येईल.

आता अडचण बधिर करण्याची. खालच्या दाढेसाठी आम्ही जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतो, त्यानं त्या बाजूचा अर्धा ओठही बधिर होतो. दाताचा बधिरपणा आधी उतरतो, ओठाचा तीन ते पाच तास टिकतो. सातला हा मुलगा अर्धा ओठ जागेवर नसताना बासरीत फुंकणार कसा? त्याच्या चेहऱ्यावर हा प्रश्न मला आधीच दिसत होता.

“आज नको करूया,” तो म्हणाला. “वेदनाशामक गोळी द्या. मी तोंड न उघडता नाकानं श्वास घेऊन बघतो.”

मी मनात हिशोब केला. नुसती गोळी देऊन पाठवावं तर दर श्वासाला ती सळक, आणि तुटकी कड अजून तुटायची भीती. सगळं काम आत्ताच उरकायला जावं, तर पुन्हा तीच घाई, तीच दाढ. हाताला घाम आला होता, हातमोजे बदलले. मग ठरवलं: आज फक्त दार बंद करायचं. घर नंतर बांधू. कीड जेवढी काढायला हवी तेवढी काढायची, ग्लास आयोनोमर सिमेंटनं पक्कं मिटवायचं आणि कॉम्पोझिटचं काम काही आठवड्यांनी, नसेचा रागरंग बघून, दोन तास हातात ठेवून करायचं. त्याला हे तिन्ही पर्याय सांगितले. त्यानं हा निवडला.

“ताई, चार आणि साडेचारच्या पेशंटना फोन करा. पाच नंतर या म्हणावं. आणि नाही जमलं तर उद्या.” ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता फोन उचलला. नऊ वर्षांपूर्वी मी हे एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं.

ओठ वाचवण्यासाठी मी इंजेक्शन दाढेच्या मुळाभोवतीच दिलं. दात हाडाला तंतूंच्या पातळ पडद्यानं बांधलेला असतो, त्या फटीत बारीक सुई घालून अगदी सावकाश, दाब देत, एकेका मुळाशी ०.२ मिलिलिटर एवढंच औषध. फक्त तो दात आणि त्याच्याभोवतीची हिरडी बधिर होते. औषधही ॲड्रेनालिन नसलेलं घेतलं. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, या पद्धतीनं दिलं तर नसेचा रक्तपुरवठा काही वेळ फार कमी होतो, आणि मला तर ती नस जगवायची होती. याची किंमत अशी की बधिरपणा थोडा वेळच टिकतो. पण घाई आणि चपळाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लागतील ती सगळी हत्यारं आम्ही आधीच मांडून ठेवली होती.

रबर डॅम लावला. या वेळी त्याला उबळ आली नाही. “नाकानं श्वास घे, तुला तर येतंच,” मी म्हटलं.

जुनं कॉम्पोझिट काढणं हे डोळ्यांना थकवणारं काम. पाण्याखाली ते आणि दात अगदी एकजीव दिसतात. वाळवलं की सीमारेषा उमटते, मग थोडं कापायचं, पुन्हा वाळवायचं. एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, तो शीळ घालणारा आवाज मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेऱ्यांचा असतो. तो ऐकून त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. मी दर थोड्या वेळानं थांबत होते. फिलिंग सुटलं आणि खालून तो ओळखीचा आंबूस वास आला.

आधी कडा. इथं कुठलीही दयामाया नाही. भोवतीच्या भिंती, इनॅमल आणि डेंटिन जिथं मिळतात ती रेषा, हिरडीजवळची पायरी, सगळं कठीण लागेपर्यंत स्वच्छ करायचं. फिलिंग जगतं ते कडेवर. कडेला केसभर कीड राहिली तर आत कितीही सुंदर काम केलेलं असो, ते गेलं.

मग तळ. एअरोटर बाजूला ठेवला आणि एक्स्कॅव्हेटर घेतला, लहानशा चमच्यासारखं हत्यार. वरचा थर ओल्या भुशासारखा, नुसता उचलला की येत होता. त्याखाली जरा चामट, ओढलं की पापुद्रा सुटावा तसा. आम्ही शिकत होतो तेव्हा सरांनी शिकवलं होतं: प्रोब, म्हणजे टोकदार सळई, घासून बघ, कर्र असा कोरडा आवाज येईपर्यंत काढत राहा, आवाज ऐकायला शीक. तो आवाज आजही माझ्या कानात आहे आणि कडांच्या बाबतीत तो आजही खरा आहे. पण तळाशी, नसेच्या माथ्यावर, ही शिस्त पाळायला गेलं की पुष्कळदा नस उघडी पडते. मीही अशा उघड्या पाडल्या आहेत. रक्ताचा तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला की आत कुठंतरी धस्स होतं.

हळूहळू आमच्या व्यवसायाला कळत गेलं की तळातली सगळी कीड काढण्याची गरज नसते. वरचा मऊ थर जिवाणूंनी भरलेला असतो, तो जायला हवा. खालचा चामट थर आम्लानं मऊ झालेला असतो, पण त्याचा सांगाडा शाबूत असतो आणि तो पुन्हा टणक होऊ शकतो. वरून झाकण हवाबंद असेल तर आत राहिलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि त्यांचं काम थंडावतं. १९९८ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वरून पक्क्या मिटवलेल्या दाढांमध्ये आतली कीड पुढे सरकली नव्हती. त्यानंतर अनेकांनी हेच पाहिलं. मला हे वाचून पटलं होतं, हाताला पटायला मात्र वेळ लागला. हाताला सवय असते. चामट पापुद्रा समोर दिसतोय आणि चमचा हातात आहे, तर अजून एकदा, फक्त एकदा, असं हात म्हणत राहतो.

मी चमचा ट्रेमध्ये ठेवला. ताईंनी पुढचं हत्यार द्यायला हात केला, मी मान हलवली. तळाशी सुपारीच्या रंगाचा, कोरडा, चामट थर होता आणि तो तिथंच राहणार होता.

ग्लास आयोनोमर हे काचेची पूड आणि आम्ल यांचं सिमेंट, ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये बनवलेलं. दिसायला कॉम्पोझिटइतकं देखणं नाही, ताकदही कमी. पण ते दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिकरीत्या चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडतं. अशा वेळी मला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही वाटत नाही. बँड लावला, पाचर मारली, या वेळी नीट. सिमेंट भरलं आणि ते बसेपर्यंत पाच मिनिटं बोट दाबून धरलं.

त्या पाच मिनिटांत पेशंटला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते. त्याला लोंचेच्या जबड्याबद्दल सांगितलं. स्लोव्हेनियातल्या लोंचे गावाजवळच्या गुहेत सापडलेला हा जबडा अनेक वर्षं संग्रहालयात पडून होता. २०१२ मध्ये संशोधकांनी तो नीट तपासला तर सुळ्याला गेलेली भेग मधमाशीच्या मेणानं भरलेली निघाली. जबडा सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा, माणूस विशीच्या शेवटाकडे झुकलेला. मेण मरणाच्या आधी भरलं की नंतर, हे संशोधकांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण आधी भरलं असेल तर उघडी भेग शिवशिवत होती म्हणूनच भरलं असणार. खुर्चीतल्या मुलाचे डोळे माझ्याकडे लागले होते. श्वास घेताना दुखतं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या खोलीत कोणाला कळत नव्हतं.

डॅम काढला. निळा कागद ठेवून चावायला सांगितलं. ओठ-जीभ शाबूत असल्याचा हा एक फायदा: “मागे थोडं उंच लागतंय,” तो लगेच म्हणाला. बधिर जबड्याचा माणूस हे सांगू शकत नाही आणि मग घरी गेल्यावर दोन दिवस तिथं ठणकतं. उंचवटा घासला. पुन्हा कागद. ठीक.

“श्वास घेऊन बघ,” मी म्हटलं.

त्यानं खुर्चीतच पाठ ताठ केली. आधी घाबरत, अर्धा. मग पिशवीतून बासरी काढली, ओठाला लावली, पण वाजवली नाही. नुसता वाजवतानाचा तो श्वास घेतला, झटकन, पूर्ण छाती भरून. थांबला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“औषध उतरल्यावर दुखेल?” त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. हवेची सळक येणार नाही, कारण नळ्यांची तोंडं आता बंद आहेत. सुईची जागा आणि चावणं थोडं हुळहुळेल. आणि नस आतून रुसलीच तर ती काही दिवसांत, कदाचित काही महिन्यांनीही, ठणक्यानं कळवेल; तेव्हा रात्र असो की दिवस, फोन करायचा. पावणेपाचला तो गेला. पैसे विचारत होता, मी घेतले नाहीत. तो ऐकेना, तर ताईंनीच त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

रात्री साडेनऊला त्याचा एक शब्दाचा निरोप आला: “जमलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. केसपेपरवरची ओळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती, कारण ती एकच नसणार हे मला माहीत होतं. ‘पुढच्या भेटीत पाहणे’ हे मी आणखी किती जणांच्या कागदावर लिहिलं असेल? दुसऱ्या दिवसापासून ताई आणि मी रोज दुपारच्या सुट्टीत जुने कागद काढून बसू लागलो. तीन आठवडे लागले. जिथं जिथं ती ओळ सापडली तिथं फोन केले. काही नंबर बंद होते. काहींना आश्चर्य वाटलं, एक आजोबा चिडले, “इतक्या वर्षांनी?” म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. जे आले त्यांच्यातल्या दोघांच्या दातांच्या मध्ये तशीच सुरुवात झालेली होती. लवकर सापडली म्हणून लहानशा भरण्यावर निभावलं.

तो सहा आठवड्यांनी आला, आईला घेऊन. मी त्यांना बसवून सगळं पुन्हा सांगितलं, माझ्या तोंडून. त्या ऐकत होत्या आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. “आणि मी ह्याला किती बोलले हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

दाढ गप्प होती. थंड लावलं तर शेजारच्या दातासारखंच, आलं आणि गेलं. त्या दिवशी मी मागेपुढे कोणालाच वेळ दिली नव्हती. सिमेंटचा वरचा भाग कोरून काढला, नसेवरचा तसाच ठेवला. दोन दातांमध्ये लाकडी पाचर, त्यावर दात दूर सारणारी स्प्रिंगची रिंग, मध्ये फुगवटा असलेला पातळ बँड. मग फॉस्फोरिक आम्लाचं निळं जेल. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की आम्लानं इनॅमलवर सूक्ष्म खाचा पाडल्या की राळ त्यात घट्ट धरते, आणि चिकटवून दात भरण्याचं आजचं सगळं काम त्यातूनच उभं राहिलं. जेल धुतलं, बाँडिंग लावलं, कॉम्पोझिट दोन मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला वीस सेकंद निळा प्रकाश. ते घट्ट होताना दोन-तीन टक्के आक्रसतं, म्हणून एकदम भरायचं नाही. तिरके थर, एका वेळी एकाच भिंतीला. खाचा कोरल्या. रिंग, पाचर, बँड काढला.

फ्लॉस हातात घेतला तेव्हा माझी बोटं थोडी थरथरत होती.

टक्.

वर ओढताना पुन्हा टक्. त्याच्या आईनं ऐकला नसेल, ताईंनी ऐकला. त्यानं तर हाडातून ऐकला असणार. तो कान तयार झालेला मुलगा आहे.

“हाच का तो आवाज?” त्यानं विचारलं.

“हाच.”

“तेव्हा नव्हता?”

“नव्हता.”

त्यानं मान हलवली आणि स्वतः धागा मागून घेतला, आरशात बघत हळूच घातला, काढला, परत घातला.

केसपेपरवर मी लिहिलं: “४६, कॉम्पोझिट, खाली ग्लास आयोनोमर. तळाचा चामट थर ठेवला आहे. कॉन्टॅक्ट घट्ट, फ्लॉस दोनदा.” खाली सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची आणि वर्षानंतरच्या एक्स-रेची तारीख घातली, आणि त्या दोन्ही तारखांना ताईंच्या वहीत त्याचा फोन नंबर लिहून ठेवला. सहा महिन्यांची तपासणी झाली, दाढ जिवंत आहे. एक्स-रे पुढच्या पावसाळ्यात.